नियम नववा आणि माझा डावा खांदा

नॉटिंगहॅम,
गुरुवार, १३ मार्च

तीर्थरूप दाजींस,

धाकट्या मेव्हण्याचा, मोहनचा, शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन ताई उचलते आणि हे तिच्या कानावर जायला नको आहे. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं असेल आणि ती डोळ्यांत थेंब वेळेवर घालत असेल (म्हणजे तुम्ही घालत असाल). तुमचं ब्लडप्रेशर कसं आहे? माझं ठीक नाही. मी घाबरलो आहे, दाजी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना मी थट्टा करतोय असं तुम्हाला वाटणार नाही.

मी दर गुरुवारी दुपारी बोलिंगला जातो हे तुम्हाला ठाऊक आहे. ताईने सांगलीभर सांगून ठेवलंय की भाऊ या वयात इंग्लंडात क्रिकेट खेळतो, पण ते तसं नाही. लांबलचक गुळगुळीत लाकडी पट्टीवरून जड गोळा घरंगळवायचा आणि टोकाला उभ्या केलेल्या दहा खुंट्या पाडायच्या, एवढाच तो खेळ. ही लीग आमच्या कोपऱ्यावरच्या कॅथलिक चर्चची आहे. माझा आणि त्या चर्चचा संबंध पार्किंगपुरताच होता. पण वैजयंती गेली, मी विधुर झालो, आणि महिन्याभराने शेजारच्या मिसेस कॉनली (वय त्र्याऐंशी, मूळच्या आयर्लंडच्या, लीगच्या अध्यक्ष, उंची माझ्या कोपरापर्यंत आणि आवाज गल्लीच्या टोकापर्यंत) कुंपणावरून म्हणाल्या की एक माणूस कमी पडतोय, येता का. मी म्हणालो, बघू, जमलं तर येईन. याचा अर्थ आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतो. इथे गुरुवारी तीन वाजता दारात गाडीचा हॉर्न वाजला. सहा वर्षं झाली, माझा गोळा अजून निम्म्या वेळा बाजूच्या पन्हळीत जातो, पण कोणी कधी एका शब्दाने बोललं नाही. मला वाटायचं, किती मनमिळाऊ लोक.

यंदा लीगला पन्नास वर्षं झाली. सगळे मला म्हणाले, इतिहास लिहायला हवा, आणि तुम्ही हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होता, तुमचं काम नेटकं असणार, म्हणून तो तुम्हीच लिहा असं ठरलं. मी पुन्हा बघू म्हणालो (माणूस शिकत नाही), आणि तीन जाडजूड वह्या माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर आल्या. सुरुवातीला मजा वाटली. १९७५ साली तेव्हाच्या फादरांनी खाणीतल्या आणि मोज्यांच्या कारखान्यातल्या पुरुषांना दारूपासून लांब ठेवायला ही लीग काढली. बोलिंगच्या जागेतच बार आहे हे दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं आणि तो हेतू तिथेच संपला. १९८२ साली हंगामाच्या आरंभी सगळ्या गोळ्यांवर पवित्र पाणी शिंपडलं, आणि पहिलाच ओला गोळा हातातून निसटून पाहुण्या बिशपांच्या अंगठ्यावर पडला. तेव्हापासून आशीर्वाद बुटांना देतात. हे सगळं मी हसत हसत उतरवून घेत होतो, आणि मग नियम नववा आला.

१९७७ साली त्यांच्यातला एक पोलिश खाणकामगार गेला. त्याला इथे कोणी नव्हतं. अंत्यविधीवाल्या कंपनीच्या माणसांनी त्याची शवपेटी ट्रॉलीवरून चर्चमध्ये ढकलत नेली, आणि ट्रॉलीचं एक चाक वेदीपर्यंत कुरकुरत राहिलं. पुढच्या गुरुवारी कोणी खेळलंच नाही. नियम केला: लीगचा सभासद गेला तर त्याला लीगचेच सहा जण खांद्यावरून आत नेतील, परक्याने हात लावायचा नाही. तेव्हापासून प्रत्येक हंगामाच्या स्कोअरनंतर एक पान आहे, कोणाला कोणी नेलं त्याचं. पुढे उचलणाऱ्यांची खांद्यापर्यंतची उंचीही लिहू लागले, कारण १९८८ साली एकाला नेताना पेटी तिरकी झाली होती. वह्यांतली निम्मी पानं ही अशी आहेत, दाजी. लीग खेळासाठी आहे असं मलाच वाटत होतं.

आता एक कबुली. दर वसंतात आम्ही सहा जण चर्चच्या हॉलमधलं लांब टेबल, वर वाळूच्या पिशव्या ठेवून, खांद्यावर घेतो आणि हॉलला तीन हळू फेऱ्या मारून पुन्हा होतं तिथेच ठेवतो. मी पाच वर्षं समजत होतो की ही साफसफाई आहे. इंग्रज माणूस फर्निचर जरा सावकाश हलवतो, एवढंच मनात यायचं. उलट मी दोनदा सुचवलंही की पिशव्या आधी काढल्या तर सोपं जाईल. तेव्हा सगळे माझ्याकडे फार प्रेमाने बघायचे.

तिसऱ्या वहीत माझं नाव सापडलं. तारीख वैजयंतीच्या क्रिमेटोरियमनंतर दोन आठवड्यांची, म्हणजे मला बोलावण्याच्याही आधीची. मिसेस कॉनलींचं अक्षर. 'शेजारचे मोहन. एकटे. खांद्यापर्यंत चार फूट आठ इंच, अंदाजे, कुंपणावरून.' मी चहा तसाच टाकून उठलो. वैजयंतीला काळ्या कोटातल्या चार अनोळखी माणसांनी आत नेलं होतं, अगदी नम्रपणे, अगदी वेळेवर. पोटचा पोरगा अंशुमन आणि मी रिकाम्या हातांनी मागून चाललो. आम्ही नेतो, असं आधी सांगावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. ते मला अजून सलतं, आणि मिसेस कॉनलींनी ते बहुधा पाहिलं होतं.

पण म्हणून भीती जात नाही. आमच्यातला टेरी (वय शहाऐंशी, वजन शंभर किलोच्या पुढे) याला गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी आता उपाय नाही म्हणून हॉस्पिटलातून घरी पाठवलं, आणि तेव्हापासून सगळे माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात. चर्चला सात पायऱ्या आहेत, पावसात निसरड्या होतात. आपल्याकडे हाताशी बांबू तरी असतो. इथे पेटी खांद्यावर आणि हात पलीकडच्याच्या पाठीवर. माझा पाय घसरला तर? भर चर्चमध्ये रडू आलं तर? सभासद उरलेत अकरा, त्यांतले उचलू शकणारे सहा, आणि सहावा मी. रात्रंदिवस डोक्यात तेच. म्हणून मी ठरवलंय की लीग सोडायची. राजीनामा लिहून कोटाच्या खिशात ठेवलाय, आज देणार.

ताईला नमस्कार. तुम्ही मीठ कमी खा.

आपला,
मोहन

ता. क. पत्र टाकायचं राहून गेलं, आज पंचवीस तारीख. टेरी त्याच गुरुवारी सकाळी गेला. राजीनामा खिशातच राहिला आणि काल तोच कोट घालून मी त्याला उचललं, मागे उजवीकडे, डाव्या खांद्यावर. टेरी टेबलापेक्षा फार जड होता. सातही पायऱ्या मनात मोजत चढलो, घसरलो नाही. रडलो मात्र, आणि ते टेरीसाठी नव्हतं. खाली ठेवल्यावर मिसेस कॉनलींनी माझ्या कोटाचा खांदा झटकला.

ता. क. दुसरा. आता मुद्द्याचं. आडवा होणारा मी असेन तेव्हा उचलणारे पाचच उरतात. अंशुमन येईल साउथहॅम्प्टनहून, पण त्याची पाठ सदा धरलेली. मला ट्रॉली नको, दाजी. तुम्ही मे महिन्यात लेकीकडे, मालविकाकडे, लेस्टरला सहा महिने येताय. तिथून ट्रेनने अर्धा तास. पाहुण्या सभासदाला चालतं, मी विचारून ठेवलंय. तुम्ही चौऱ्याहत्तरचे आहात हे मला माहीत आहे, इथे ते तरुणांत मोडतं. तेव्हा पायात बूट घालून, दाराच्या चौकटीला पाठ टेकून, जमिनीपासून खांद्यापर्यंत किती भरतं ते मोजून उलट टपाली कळवा. ताईला विचारू देऊ नका. विचारलंच, तर सांगा की मोहन स्वेटर पाठवतोय.