उशिरा पडणारा ठोका

ती. आईस, लांबूनच पाया पडते.

मी मजेत आहे, जेवणाची आबाळ नाही. तू जिना सावकाश चढतेस ना?

दादाने तुझ्या हृदयाच्या तपासणीचा आलेख पाठवला. आमच्या वाद्यवृंदाच्या नव्या रचनेसाठी मी त्यातल्या चढउतारांना सूर दिले, आणि दुपारभर तूच खोलीत गुणगुणत फिरतेयस असं वाटत राहिलं.

एका जागी ठोका उशिरा पडतो. आलेखाचे आकडे संगणकावर मांडून देणाऱ्या आमच्या गणितवाल्याला ती चूक वाटली. त्याने परस्पर सगळी अंतरं सारखी केली. वाजवलं तर एकदम चोख, पण त्यात तू नव्हतीस. मी भांडून ती जागा परत आणली. आता तिथे सगळे वादक श्वास रोखून तुझी वाट बघतात.

डॉक्टर काय म्हणाले, ते दादा सांगत नाही. गाण्यात तो ठोका दर वेळी पडतोच. तुझ्याकडचं तूच कळव.

तुझी,
धाकटी