एका अंड्यातली पिल्लं

प्रिय ताई,

जुळ्या असूनही काही क्षण आधी जगात आलीस, म्हणून तू ताई. त्याच घाईने पुढे घरातूनही निघून गेलीस.

तुझा आर्माडिलोच्या मेंदूवरचा लेख पोचला. आईच्या खाटेशी बसून वाचला, मला दुसरी करमणूक तरी काय होती! चिलखत पांघरलेला तो प्राणी; त्याच्या मादीला पोटातल्या एकाच अंड्यातून चार हुबेहूब पिल्लं होतात, आणि तू त्या चौघांचे मेंदू कापून मोजतेस. पुढे वास ओळखणारे दोन भलेमोठे गोळे, मागचा भाग जवळजवळ गुळगुळीत. आणि एवढं करून निष्कर्ष काय, तर अंडं एक असलं तरी मेंदू वेगवेगळे निघतात. अगं बाई, त्यासाठी इतक्या लांब कशाला जायचं? आपल्या दोघींकडे बघितलं असतंस तरी भागलं असतं. एकीला प्रयोगशाळा, दुसरीला बेडपॅन.

आईचं नाकही तुझ्या त्या प्राण्यासारखंच. दिसेनासं झाल्यावर ती वासावरून माणूस ओळखायची. मागे तू आलीस तेव्हा तुझ्या हातांना नमुने टिकवायच्या त्या फॉर्मलिनचा वास यायचा, आठवतं? आई नाक मुरडायची आणि तोच हात गालाशी धरून ठेवायची. गेल्या महिन्यात तिने तुझा धोशाच लावला. तू फोनवर म्हणालीस, नमुने अर्धवट टाकून येता येत नाही. मग मी काय केलं, सांगू? ओळखीच्या नर्सकडून थोडं फॉर्मलिन आणलं आणि हाताला पुसटसं लावलं. आवाज तर आपला एकच आहे.

हात हुंगून आई म्हणाली, "आलीस?" त्यानंतर रोज ती तुझ्यापाशी माझी गाऱ्हाणी सांगायची. माझ्या हाताला माया नाही, पाण्याचा पेला आदळते, तोंड सदा फुगलेलं. मी तू होऊन हं हं करत ऐकायचे. तुम्हा दोघींचाही असा संताप यायचा ना!

मंगळवारी आई गेली. सगळं उरकलंय, आता यायची धडपड करू नकोस. आधी का कळवलं नाही म्हणशील, तर तिच्या लेखी तू उशाशीच होतीस. जाण्याआधी तुझा हात, म्हणजे माझाच, धरून म्हणाली, "तिला सांग, तिच्यावाचून माझं पान हलत नव्हतं. तोंडावर बोलायला जीभ रेटली नाही गं." हा निरोप तिने तुझ्यावर सोपवलाय. मी तो चोरून ऐकलाय, मला तो स्वतःचा म्हणता येत नाही. तेव्हा नमुने जरा बाजूला ठेव, फोन कर, आणि मला सांग.

तुझीच,
धाकटी