अनोळखी बाळाचं व्रत

आई, येशूची स्तुती असो.

मी ठणठणीत आहे. तू दिलेला खसखशीचा केक पुरवून पुरवून खातेय. तुझा गुडघा कसा आहे?

कुणाच्या तरी पोटातल्या एका अनोळखी बाळासाठी नऊ महिने रोज प्रार्थना करायचं व्रत तू चर्चमध्ये घेतलंस ना? इथे आमच्या प्रसूती वॉर्डात झानेता नावाची पेशंट आहे. पाचव्याच महिन्यात पाणमोट फुटली. बाळ वाचणार नाही, पण ठोके चालू आहेत, म्हणून डॉक्टर गर्भपात करत नाहीत. म्हणतात, "आईच्या जिवाला धोका असेल तरच कायदा परवानगी देतो, आणि त्यात बसण्याएवढी ती अजून आजारी नाही." ताप तर चढतोय.

दर तासाला ठोके ऐकायची ड्यूटी माझी. ती विचारते, "थांबले का गं?" देवाकडे काय मागू, तेच कळेना.

तुझ्या वाट्याचं बाळ हेच असेल तर? त्याच्या आईसाठी कुणी घेतलंय का गं व्रत?

तुझी गोंधळलेली,
बोग्ना