होन्नेमाळच्या तिरक्या भिंतीबाबत

मी, प्रतिमा वासुदेव काळसेकर, वय वर्षे त्र्याहत्तर, व्यवसाय वास्तुविशारद, राहणार इंदिरानगर, बेंगळुरू, हे माझे शेवटचे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाखाली न येता आणि संतापून लिहीत आहे. ‘संतापून’ हा शब्द वकीलसाहेबांनी दोनदा खोडला, मी दोनदा परत घातला. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉ. अंजली पेंढारकर यांचा दाखला सोबत जोडला आहे. यापूर्वी केलेली मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. इंदिरानगरच्या घराचा वरचा मजला माझी मुलगी सुखदा हिला. ती मारतहळ्ळीला राहते आणि तिला हे घर पाडून फ्लॅट उठवायचे आहेत. तळमजला दुसऱ्याला देत असल्यामुळे तसे करता येणार नाही. सुखदा, हे मुद्दाम केले आहे. तरीही व्यवस्थापक म्हणून तुलाच नेमते, कारण रागावलीस तरी तू कामात चोख आहेस.

२. तळमजला होन्नेमाळ पोडूच्या ग्रामसभेला. पोडू म्हणजे सोलिग आदिवासींची वस्ती; ही बिळिगिरीच्या डोंगरात आहे. तिथली माणसे इस्पितळाच्या किंवा कचेरीच्या कामाने बेंगळुरूला येतात तेव्हा बसस्टँडवर पथारी टाकतात. यापुढे त्यांनी इथे उतरावे. पोडूतली मादम्मा पहिल्यांदा माझ्याकडे राहायला आली तेव्हा आमच्या रहिवासी संघाच्या सेक्रेटरींनी फाटकाशी विचारले होते, “नवी कामवाली का? ओळखपत्र जमा करा.” या कलमाची एक प्रत त्यांना पोचती करावी.

३. आता मूळ मुद्दा. बावीस वर्षांपूर्वी मी आणि माझा भागीदार सुशांत नेरुरकर यांनी होन्नेमाळला समाजमंदिर बांधले. जागा लोकांनी आधीच आखून ठेवली होती. त्यांची रीत अशी, की बांधायच्या जागी सगळ्यांनी पावसाळाभर येऊन-जाऊन बसायचे आणि मग म्हातारी माणसे सांगतील तिथे बांबूच्या खुंट्या ठोकायच्या. पूर्वेकडची रांग तिरकी होती. मला वाटले, यांच्याकडे टेप नाही, काटकोन मापायचा गुण्या नाही, चुकले असेल. मी खुंट्या उपटल्या आणि काटकोन साधला. मादम्मा तेव्हा तिशीची होती. ती म्हणाली, “अक्का, ती रेघ तशीच हवी. तिथून आनेदारी जाते.” आनेदारी म्हणजे हत्तींची वाट. मी म्हणाले, “स्वल्प थांब गं, नकाशा तरी बघ, किती छान दिसतोय.” हे वाक्य माझे आहे. ते कोणी माझ्या तोंडी घातलेले नाही.

इमारतीला पारितोषिक मिळाले. समारंभ बेंगळुरूच्या मोठ्या हॉटेलात झाला. मादम्माला खालच्या रांगेत बसवले आणि तिच्या लुगड्यावर बिल्ला टाचला: ‘लाभार्थी’. परतताना गाडीत तिने त्यावर काय लिहिले आहे ते विचारले. मी अर्थ सांगितला. ती म्हणाली, “काय मिळालं मला?”

त्याच हिवाळ्यात दिवेलागणीला हत्ती आपल्या नेहमीच्या वाटेने आले. वाटेत माझी भिंत होती. आत मध गाळत बसलेला मादम्माचा धाकटा भाऊ जडेया त्या भिंतीखाली सापडून मेला. सुशांतने अहवालात लिहिले, ‘स्थानिकांनी देखभालीकडे दुर्लक्ष केल्याने दुर्घटना घडली.’ त्याखाली दोन सह्या आहेत. दुसरी माझी आहे. ते वाक्य खोटे आहे, हे मला सही करतानाच माहीत होते. भिंत मजबूत होती. ती चुकीच्या जागी होती आणि ती तिथे मी घातली होती.

४. नवे सभाघर सहा वर्षांपूर्वी पोडूने स्वतः बांधले. आखणी मादम्माची, माती आणि बांबू त्यांचा, हात त्यांचे. तिने जमिनीवर आखलेले मी फक्त कागदावर उतरवले, कारण तालुक्याच्या कचेरीला परवान्यावाल्याची सही लागते. आता सुशांतने तोच नकाशा ‘काळसेकर मॉडेल’ म्हणून आणखी चाळीस वस्त्यांमध्ये न्यायचा घाट घातला आहे. प्रत्येक वस्तीतून जाणारी हत्तींची वाट वेगळी असेल, ही शंकाही त्याला शिवलेली नाही. मला फोनवर म्हणाला, “प्रतिमा, हे स्केल करायला हवं. केवढा सोशल इम्पॅक्ट आहे!” लाज कोळून प्यायला आहे हा माणूस. हे सर्व नकाशे आणि त्यांवरचे सर्व हक्क मी होन्नेमाळच्या ग्रामसभेला देते. माझे नाव कोणत्याही मॉडेलला लावल्यास सुखदाने त्याला कोर्टात खेचावे.

५. पारितोषिकाची पितळी ढाल सुशांतला. सोबत त्या अहवालाची प्रत, फ्रेम करून. दोन्ही शेजारी-शेजारी टांगाव्यात. याची सक्ती करता येत नाही असे वकील म्हणतात, म्हणून विनंती करते.

६. माझा गुण्या, ओळंबा आणि टेप मादम्माला द्यायचे ठरले होते. ते आता ग्रामसभेला जातील. कारण येणेप्रमाणे.

गेल्या महिन्यात मी हा मसुदा मादम्माला कन्नडमध्ये वाचून दाखवला. तिसरे कलम तिने दोनदा वाचायला लावले. मग विचारले, “याच्याखाली सही कोण करणार?” मी सांगितले, मी आणि दोन साक्षीदार. ती म्हणाली, “सरी, ठीक. एक मी.”

वकील तिथेच बसले होते. ते म्हणाले, “तुम्हाला यात वस्तू मिळतायत. लाभार्थी आणि साक्षीदार एकच माणूस नको.”

मादम्मा म्हणाली, “मग माझं नाव वरून काढा. लाभार्थी मी एकदा होऊन बसले. जडेया कसा मेला ते अक्कानं आज लिहिलंय. त्याखाली मला सही करायचीय.”

साक्षीदाराने फक्त सही होताना पाहायचे असते, मजकूर कळायची गरज नसते, असे वकिलांनी तिला समजावले. तरी तिने नाव काढायलाच लावले. तिने मला क्षमा केली की नाही ते मला माहीत नाही. विचारायचा धीर झाला नाही, आणि विचारायचा मला हक्कही नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे. तो मी खालील दोघी साक्षीदारांसमोर वाचला आणि दोघींसमोर सही केली.

ठिकाण: इंदिरानगर, बेंगळुरू
दिनांक: १४ सप्टेंबर २०२५

सही: प्रतिमा वासुदेव काळसेकर

साक्षीदार:
१. डॉ. अंजली पेंढारकर, इंदिरानगर
२. मादम्मा, जडेयाची बहीण, होन्नेमाळ पोडू