भोंगेवाल्याचं नाटक

१ जानेवारी १९६६

काल बोईसरच्या समारंभात त्यांनी सगळ्यांचे आभार मानले. पाहुण्यांचे, हारवाल्याचे, ज्यांच्या घरून सतरंज्या आणल्या त्यांचे, ज्यांनी पाण्याचं पिंप दिलं त्यांचेसुद्धा. भोंगेवाला राहिला. आणि हे सगळं माझ्याच माईकवरून!

सफाळ्याला विड्याच्या पानांचे करंडे गाडीत चढवत होतो, तिथून इथवर आलो. पालघरात दुकान झालं, भोंग्याची दोन मशीनं झाली, गॅसबत्त्या झाल्या. तारापूरपर्यंत कुणाचं लग्न असो, भाषण असो, आवाज मीच मोठा करतो. मी स्वतः माईकवर काय बोललो? ‘हॅलो, हॅलो, वन-टू-थ्री.’ बस.

यंदा तसं नाही. ही डायरी बॅटरीवाल्यानं फुकट दिली आहे, तिच्यात संकल्प लिहून ठेवतो. स्वतःचं नाटक लिहायचं आणि वर्ष संपायच्या आत उभं करायचं. तपकीर सोडायची. आणि त्या नाटकाला रखमाला पुढच्या रांगेत बसवून तिच्या तोंडून ‘चांगलं झालं’ असं म्हणवून घ्यायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायको माझ्या एकाही कार्यक्रमाला आलेली नाही. म्हणते, भोंग्यानं डोकं दुखतं.

शेवटचंच सगळ्यात अवघड.

९ जानेवारी

विषय मिळाला. बाहेर शोधत होतो, घरातच होता.

लग्नानंतरची गोष्ट. ऐन लग्नसराई, मी मशीन घेऊन आत डोंगराकडे, मनोरला. घरी आलो तर चूल गार. रखमा रुसून माहेरी, घिवलीला. मी म्हटलं, येईल. आणि आली की! आपल्या पायांनी, पिशवी घेऊन. आल्या आल्या सरळ भात ठेवला.

यावर नाटक. नाव — ‘गेली तशी आली’. शेवट मी जरा रंगवला आहे. बायको माहेरी समुद्रावर बसलेली असते. वाऱ्यावरून लांबच्या लग्नातला नवऱ्याचा आवाज येतो — ‘हॅलो, हॅलो’ — आणि तिचा राग विरतो, ती धावत निघते.

लिहिताना मलाच हसू आलं. थोडं भरूनही आलं.

तपकीर — नऊ दिवस बंद.

१० जानेवारी

तपकीर — चालू.

१८ जानेवारी

पहिला अंक रखमाला वाचून दाखवला. ती मांदेली साफ करत होती. मी बायकांचा आवाज काढला, पुरुषांचा काढला, दार वाजवून दाखवलं. संपल्यावर विचारलं, कसं आहे?

म्हणाली, “ते मांजर बघा तुमच्या मागं. हाकला.”

६ फेब्रुवारी

माकुणसारला गेलो. माझं गाव, तिथलं नाट्यमंडळ. दरवर्षी त्यांना गॅसबत्त्या अर्ध्या भाड्यात देतो, त्यामुळे नाटक न ऐकताच पसंत पडलं.

नवऱ्याच्या कामाला नामदेव. आवाज पिंपात बोलल्यासारखा. बायकोच्या कामाला शांताराम. पानवेलींत काम करून अंगानं वेलीसारखाच झाला आहे, आजवर मंडळाच्या सगळ्या नायिका त्यानंच केल्या. लुगडं नेसला की त्याची आईसुद्धा त्याला ‘अगं’ म्हणते.

मशीनवर अर्थात पुंडलिक. माझा लहानपणचा सोबती. माडावर चढून भोंगा बांधावा तर त्यानंच. म्हणाला, “आत्माराम, तुजं नाटक म्हंजे भोंगा नीट बांधायला होवा. लोकांनी शिव्या घातल्या तर आपल्याला आधी ऐकू येतील.”

२० मार्च

नामदेवला तारापूरला काम लागलं. तिकडे ते विजेच्या मोठ्या कारखान्याचं काम चाललं आहे, तिथे सामानाच्या कोठारावर. आता फक्त रविवारी तालीम. आज फुलपँट घालून आला आणि पहिलंच वाक्य म्हणाला, “अरे भाई, चूल ठंडी कायको है?”

म्हटलं, नामदेव, मराठी नाटक आहे.

“काय करू शेठ, आठवडाभर तिकडं हेच बोलतो. तोंडाला बसलं.”

११ मे

लग्नाचे दिवस. नाटकाचं पान हललं नाही. पण आजची गोष्ट लिहितोच.

उमरोळीला लग्न. मंगलाष्टकं सुरू, मांडव चिडीचूप, अक्षता मुठीत. मी माईक नीट करायला वाकलो आणि शिंकलो. तपकीर! भोंग्यातून ती शिंक खाडीपलीकडे गेली असेल. भटजी थांबले. नवरीच्या आईनं डोळ्याला पदर लावला. वरबाप माझ्याकडे अशा नजरेनं बघत होता की मला वाटलं, आज मशीन इथेच सोडून पळावं लागणार.

भटजी मुरलेले. शांतपणे म्हणाले, “माणूस शिंकला नाय, मशीन शिंकलं. मशीनच्या शिंकेचा दोष लागत नाय. सावधान!”

लग्न लागलं. भटजींना जाताना तपकिरीची डबी देऊन टाकली. सुटलो.

१३ मे

नवी डबी घेतली. लहान.

२४ जुलै

तिसरा अंक पुरा! रखमाला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. शेवट आला — समुद्र, वारा, ‘हॅलो, हॅलो’, बायको धावत निघते. मी थांबलो.

तिनं विचारलं, “मनोरहून घिवलीला ऐकू येतं?”

“वारा असतो ना.”

“वारा समुद्राकडनं असतो.”

एवढंच. पण ऐकत होती म्हणायची! जानेवारीत मांजर, जुलैत वारा. प्रगती आहे.

१८ सप्टेंबर

संकट. शांताराम मुकादम झाला. तोही तारापूरलाच. आज तालमीला आला तर ओठावर मिशी — चांगली पिळदार.

“हे काय रे?”

“शेठ, हाताखाली माणसं हायत. बोडक्या ओठानं सांगितलं तर कोण ऐकत नाय.”

“नाटकापुरती काढ.”

“दुसऱ्या दिवशी कामावर काय तोंड दाखवू?”

नामदेव म्हणाला, “पदर तोंडावर धर.” शांतारामनं धरून पाहिलं. पदराआडून मिशी पिळायला हात गेला. सवय! सगळे हसले, मी सोडून. तीन महिने उरले आणि माझ्या नायिकेला मिशी.

२ ऑक्टोबर

गावात दुसरं कुणी नाही. जे सडपातळ होते ते सगळे बोईसर-तारापूरला कामाला लागले. एक जण तयार झाला, तो तोतरा. एकाला बायको सोडत नाही.

परतताना पुंडलिक म्हणाला, “तूच हो बायको.”

“माझं पोट बघितलंस?”

“बायकोला पोट नसतं काय? सगळं नाटक तुला पाठ. बायकोचं तर जास्तच. आणि तुला मिशी नाय.”

रात्र झाली तरी हसत होता. मी नाही हसलो. कारण ते खरं होतं.

९ ऑक्टोबर

घरात सांगितलं. रखमानं चहाची कपबशी खाली ठेवली आणि हसायला लागली. भिंतीला हात टेकून हसली. इतकं हसताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं — निदान मी घरात असताना.

मग उठली, ट्रंकेतून तिचं हिरवं लुगडं काढून माझ्या अंगावर टाकलं. “नेसा. बघू या.”

२३ ऑक्टोबर

रोज शिकवणी. मास्तरीण कडक आहे. चाललो की म्हणते, “बाई चालतेय की करंडा उचललाय?” बसलो की म्हणते, “मांडी घालून बाई बसते काय? जेवायला बसलेला सासरा दिसतोय.” पदर खोचला तर, “अवं, तो पदर हाय. दावं नव्हं.”

यासाठी संध्याकाळची दोन कामं पुंडलिकवर टाकली. संध्याकाळी घरी असणं म्हणजे काय ते मला माहीतच नव्हतं. चिमण्या फार ओरडतात आमच्या परसात.

१३ नोव्हेंबर

दुसऱ्या अंकात बायको नवऱ्याची वाट बघते तो प्रवेश जमत नाही. मी दाराकडे टक लावून बसलो, उसासे टाकले, कपाळाला हात लावला. रखमा म्हणाली, “असं कोण करतं?”

“मग कसं?”

“वाट बघणारी बाई दाराकडं बघत नाय. हातात काय तरी काम घेते. कान दाराकडं. पाऊल वाजलं की काम अजून खाली मान घालून करते.”

तसं केलं. माझ्या हातात तांदळाचं सूप. काय सुरेख ॲक्शन! वहीत लिहून घेतली.

११ डिसेंबर

प्रयोग माकुणसारला होत नाही. नट तारापूरला, त्यांना रजा नाही. मग ठरवलं, नाटकच तिकडे न्यायचं. मजुरांच्या वस्तीजवळ मैदान आहे, येत्या रविवारी. तिकीट नाही. ज्याला यायचं तो आपलं पोतं घेऊन येईल, त्यावर बसेल.

रखमाला विचारलं, येशील ना?

“लुगडं माझं हाय. बघायला नको, काय करता त्याचं?”

१९ डिसेंबर

झालं! कालचं सगळं लिहितो, नाहीतर विसरेन.

मैदान भरलं. निम्म्यांना मराठी येत नव्हतं, त्यांनी जास्त टाळ्या दिल्या. रखमा पुढच्या रांगेत, तिच्या भावजयीला घिवलीहून बोलावून शेजारी बसवलेलं. मी लुगडं नेसून आलो तेव्हा इतका गलका झाला की पहिली चार वाक्यं गेली. पण माईक मला पाठ आहे, कुठे उभं राहिलं की आवाज पोहोचतो ते कुणी सांगायला नको. पाचव्या वाक्याला लोक ऐकू लागले. माझा आवाज! माझी वाक्यं! भोंग्यातून परत माझ्याच कानांवर आली तेव्हा लुगड्यात पाय अडकला. बाईची चाल म्हणून लोकांना खपलं.

नामदेव दोनदा हिंदीत गेला. फायदाच झाला.

वाट बघण्याचा प्रवेश. सूप घेऊन बसलो. पुढून एक भय्या ओरडला, “भाभी, सो जाओ, वो नहीं आयेगा!” सगळे हसले. मी खालच्या मानेनं रखमाकडे पाहिलं. ती तोवर पोट धरून हसत होती. आता हसत नव्हती. मनात म्हटलं, बघा, ॲक्टिंग पोहोचली.

शेवटी भोंग्यातून नवऱ्याचा आवाज यायचा. मी स्टेजवर बायको, नामदेव हिंदीत घसरायचा, म्हणून ते ‘हॅलो, हॅलो’ मशीनवरच्या पुंडलिकवर सोपवलेलं. त्याला माईकवर बोलायची सवय नाही. वारा, समुद्र, मी कान टवकारलेले — आणि भोंगा म्हणतो, “हॅलो, हॅलो, पुंडलिक बोलतोय.”

मैदान कोसळलं. मला काही सुचेना, म्हणालो, “अगं बाई, हा कोण?” आणि धावत सुटलो. मागून तोच भय्या, “भाभी, मत जाओ!”

संपल्यावर आभार. शांताराम मुकादम माईकवर आला आणि सगळ्यांच्या आधी माझं नाव घेतलं. भोंगेवाले, लेखक, नायिका. डोळ्यांतलं पाणी मिशीवरून पुसत होता.

पहाटेच्या ट्रकनं घरी आलो. वाटेत रखमा म्हणाली, “चांगलं झालं.”

हे मी इथे मोठ्या अक्षरात लिहिणार होतो. पान संपत आलं, राहू दे.

२१ डिसेंबर

एक तपकीर तेवढी सुटली नाही, बाकी वर्षाचं सगळं साधलं. मंडळाचा निरोप — नाटक आणखी दोन गावांना हवं आहे. पुंडलिकची चूक तशीच ठेवा म्हणतात.

२६ डिसेंबर

रखमाला सांगितलं, आता प्रयोगावर प्रयोग. ती लुगडं धुऊन वाळत घालत होती.

“घ्या की. पण शेवट तसा नाय.”

“कसा तसा नाही?”

“ती आवाज ऐकून येत नाय.”

पुंडलिक हाका मारत आला, बोलणं राहिलं.

२७ डिसेंबर

सकाळी विचारलं. मग ती परत कशी आली?

चूल फुंकत होती. म्हणाली, “कोण तरी न्यायला येईल म्हणून बसली होती. कोण आलं नाय. मग काय करते, आली.”

आज बोईसरला कार्यक्रम होता. पुंडलिकला पाठवलं. मी घरी आहे.