हवेच्या नावावर टाकलेली वाफ

४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आपल्या ताऱ्याची निरीक्षणं आली. अवकाश दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात त्याच्याभोवती कार्बन मोनॉक्साईड आणि पाण्याची गरम वाफ टिपली आहे. मरता मरता त्यानेच ती बाहेर टाकली आहे. आता लेख तपासणारे विचारतात, ही वाफ नवी की जुनी? वीस वर्षांपूर्वी या ताऱ्याचा पिच्छा पुरवणारं माणूस एकच, ते म्हणजे तू. त्याच्या प्रकाशाच्या आलेखांच्या तुझ्या वह्या महिनाअखेर मिळाल्या तर लेख छापला जाईल, नाहीतर परत येईल.

भावजींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
बिट्टी

११ मार्च

चि. बिट्टीस,
अ. आ.

तारा 'आपला' कधीपासून झाला? वेधशाळेच्या गळक्या खोलीत मी नऊ वर्षं डोळे फोडले, तेव्हा तू पाटीवर बदकं काढत होतीस. याच ताऱ्यासाठी याच दुर्बिणीवर मी दोनदा वेळ मागितला. दोन्हीदा नकार आला, आणि तुला पहिल्या फटक्यात होकार. खोटं कशाला बोलू, पत्र वाचून पोटात दुखलं. इथे कॉलेजात जो तो तुझं कौतुक ऐकवतो आणि मी दात दाखवत मान डोलावते.

वह्या घर बदलताना गहाळ झाल्या. वेळेवर जेवत जा. रागावले तरी आशीर्वाद आहेतच.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

भावजी फोनवर म्हणाले, वह्या कपाटात स्वेटरांखाली आहेत. त्यांच्यावर डाफरू नकोस, बिचारे सहज बोलून गेले. द्यायच्या नसतील तर नको देऊस, पण हरवल्या असं सांगू नकोस. लहानपणी तुझी चांगली पेन्सिल मी मुद्दाम मोडली होती, सगळे तुझ्याच अक्षराचं कौतुक करायचे म्हणून. तेव्हा पोटात दुखणं मलाही ठाऊक आहे. कशीही असले तरी पदरात घे.

बिट्टी

२२ मार्च

चि. बिट्टीस,
अ. आ.

अकरा वह्यांचं पार्सल आज टाकलं. आधी सातवी उघड, पान चाळीस. आपल्या हवेतही वाफ असते आणि ती ताऱ्याच्या प्रकाशात लुडबुड करते, म्हणून शेजारचा साधा तारा बघून त्याचा आलेख वजा करायचा, ही पद्धत तुला मीच शिकवली. त्या पानावर वजाबाकीनंतरही एक उंचवटा उरला होता. मी त्यावर काट मारली आणि लिहिलं, 'आपलीच हवा, दमट.' तुझं पत्र वाचताना कळलं, ती ताऱ्याची वाफ होती. तपासणाऱ्यांना सांग, वाफ जुनी आहे.

वह्या लपवल्या त्या हेव्याने, आणि माझी फजिती तुझ्या हाती पडू नये म्हणूनही. मग वाटलं, काट आणि शेरा पुसला तर शोध माझाच ठरतो. परवा खोडरबर घेऊन बसले आणि दोन्ही पुसलं. तासभर ते स्वच्छ पान बघत राहिले. फार छान दिसत होतं.

नंतर काट परत मारली, शेराही परत लिहिला. पेन्सिल ताजी दिसेल. कोणी विचारलं तर खरं काय ते सांग. पोटदुखी अजून गेलेली नाही, तिच्यासकट मला सांभाळून घे.

ताई