कातळावरची ती जखम

सातारा,
गुरुवार, १९ डिसेंबर २०२४

नानासो पाहुण्यांस,
उदयसिंहचा रामराम. इकडे सगळे बरे आहेत. ऊस तोडून गेला, थंडी लय पडली आहे. तुमच्याकडं यंदा द्राक्षाचे घड कसे आहेत? वहिनींची कंबर आता बरी असावी.

फोन केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि मधेच तुटतो. आमच्या शेजारचा कृष्णात उद्या तुमच्या कवठ्याकडं येतोय, त्याच्या हाती ही चिठ्ठी देतोय.

शिवांजली सोमवारी तुमच्याकडं आली, तिचा पाय आता कसा आहे? आणि हात?

रविवारच्या त्या वाटेबद्दल तिनं थोडंफार सांगितलं असेलच. तुमच्या जावयानं, आमच्या ऋषिराजनं, कंपनीतल्या मित्रांचा ट्रेक काढला होता, देवगडच्या अलीकडची समुद्रकाठची वाट. मलाही ओढून नेलं. जन्म डोंगरात गेला आणि फौजेतली नोकरी बर्फात. समुद्राच्या कडेनं असा कधी चाललो नव्हतो. वर जांभ्याचा लाल कडा, खाली काळा कातळ. लाटांनी त्यात रांजणासारखे खड्डे पाडलेत. एका टेकाडावर टेहळणीचा पडका बुरूज आहे. शत्रूची गलबतं दिसली की तिथं जाळ करायचे, मग पुढच्या बुरुजावरचे सावध व्हायचे. शिवांजली प्रत्येक दगडापाशी थांबत होती. "आबा, हा बघा, लाव्हा थंड होताना असा चिरलाय," म्हणून मला दाखवत होती. लेक शिकवलीत तुम्ही, पाहुणे. मला फार बरं वाटलं.

पुढं एक घळ लागते. ओहोटीला तिच्यातून पलीकडं जाता येतं. पौर्णिमेची भरती मोठी असते हे ऋषिराजला माहीत होतं, त्यानंच आदल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं. तरी बुरुजावर फोटो काढण्यात त्यानं सकाळ घालवली. बाकीचे घळ ओलांडून वर चढले. मी कड्याच्या पायरीवर उभा राहून एकेकाला हात देत होतो. ऋषिराज आणि शिवांजली शेवटी होती, कारण त्याला घळीतल्या गुहेचा व्हिडिओ पाहिजे होता.

पाणी आलं ते एकदम. शिवांजलीचा पाय कातळाच्या फटीत अडकला. तिनं त्याच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा धरला.

तिच्या मनगटावरचं काळंनिळं दगडानं झालं, असं तिनं तुम्हाला सांगितलंय ना? ते दगडानं झालेलं नाही. तो बुटाचा मार आहे.

"सोड! सोड की गं!" असं ओरडून त्यानं तिच्या हातावर लाथ मारली. एकदा मारली, तिनं सोडलं नाही. मग परत मारली. पट्टा सुटला आणि तो मला ओलांडून वर गेला. मागं वळून बघितलंसुद्धा नाही. मी खाली उतरलो. पाणी तिच्या छातीला लागलं होतं. पाय मोकळा करून तिला वर आणलं तेव्हा ती रडत नव्हती, नुसती हाताकडं बघत होती.

गाडीत मला म्हणाली, "आबा, माहेरी सांगू नका." म्हणून गप्प राहिलो.

भीती मला कळते. गोळीबारात माझीही चड्डी ओली झालीय, ते मी लपवत नाही. तो नुसता पळाला असता तर मी पोटात घातलं असतं. रात्री त्याला समोर बसवून विचारलं. तो म्हणाला, "आबा, दोघंबी बुडालो असतो. एकानं तरी वाचायला नको व्हय?" हे म्हणताना तो पोहे खात होता. मधेच त्याच्या आईला म्हणाला, शेंगदाणे कमी पडलेत.

दुसऱ्या दिवशी त्यानं गुहेचा तो व्हिडिओ मोबाईलवर सगळ्यांना टाकला. बायकोला मरणाच्या दारातून ओढून आणलं, असं खाली लिहिलं. काल संध्याकाळी आमच्या पेठेतल्या मंडळानं त्याला शाल आणि नारळ दिला. तो हात जोडून हसत होता. माईक माझ्याकडं आला, "सुभेदारसाहेब, मुलाबद्दल दोन शब्द." मी उठलो, बाहेर गेलो आणि गटारापाशी बसून ओकलो. लोकांना वाटलं, पित्त झालं.

घरची म्हणते, "आवं, घाबरला आसंल. पोटचा हाय आपल्या." तिचं चुकतंय असं म्हणवत नाही. पण तो ताटावर शेजारी बसला की मी माझं ताट उचलून ओसरीवर जातो. त्यानं हात लावलेला तांब्यासुद्धा मी विसळून घेतो. पोटच्या पोराची अशी किळस यावी, हे मला कुणाला सांगताही येत नव्हतं.

येत्या रविवारी तो शिवांजलीला न्यायला येणार आहे. मिठाई घेऊन येईल, तुमच्या पाया पडेल, लय गोड बोलेल. वहिनी विरघळतील. पाहुणे, तिला पाठवू नका. तिनं गप्प राहायला सांगितलं होतं आणि मी तिला न विचारता लिहितोय, त्याबद्दल तिची माफी मागेन. पण आधी तिला जवळ बसवून विचारा, आणि ती म्हणेल तसंच करा. लोक काय म्हणतील ते माझ्यावर ढकला.

वेगळं व्हायचं म्हणाली तर तिचं सामान मी स्वतः आणून पोचवीन. कोर्टात जायचं म्हणाली तर मी बोलायला उभा राहीन. त्या पायरीवरून जे दिसलं ते सगळं सांगेन, मुलाचं नाव घेऊन सांगेन. जबाबावर सही करणं जड जाईल. तरी करीन.

शिवांजलीच्या बाजूचा साक्षीदार,
उदयसिंह